सोसायटीचं कॉमन वीजबिल आणि टँकर: ५,०५० युनिट जातात तरी कुठे?

कमिटी_८८

नमस्कार मंडळी. पुण्यात, महावितरणच्या पुरवठ्यावरची सोसायटी. दोन विंग, पार्किंग अधिक ११ मजले, ८८ सदनिका, राहती माणसं साधारण ३००. कॉमन मीटरवर महिन्याला सरासरी ५,०५० युनिट पडतात. एकूण बिलाला युनिटांनी भागलं की युनिटमागे १८ रुपयांच्या आसपास येतात.

जोडलेली यंत्रं अशी:
- लिफ्ट ४
- पाण्याचे पंप २, प्रत्येकी साडेसात एचपी, दोन्ही मिळून रोज साडेचार तास
- एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा) हवा फुंकणारा ब्लोअर ३ एचपी, रोज २० तास. बाकी छोटे पंप
- पार्किंग, जिना, पॅसेज मिळून २० वॅटच्या १४० एलईडी ट्यूब
- सीसीटीव्ही, गेट, इंटरकॉम, ऑफिस

महापालिकेचं पाणी पुरत नाही. एरवी रोज १ टँकर, उन्हाळ्यात ३, प्रत्येकी १०,००० लिटर. एसटीपीचं पाणी बागेला जातं, उरलेलं ड्रेनेजमध्ये. फ्लशसाठी वेगळी लाइन बिल्डरने टाकलेली आहे, पण वासाच्या तक्रारींमुळे बंद आहे.

एका ठेकेदाराने ४५ किलोवॅटच्या सोलरचं कोटेशन दिलंय. सर्वसाधारण सभेत ठेवण्याआधी विचारतो: आधी सोलर घ्यावं की आधी दुसरं काही? आणि प्रत्येक फ्लॅटला पाण्याचे मीटर बसवण्यात अर्थ आहे का? फ्लॅटमागे पाण्याच्या चार लाइनी येतात.

---

पंपतंत्र

सोलर शेवटी. आधी ५,०५० ची फोड करू, म्हणजे रोजचे १६८ युनिट.

ब्लोअर: ३ एचपी म्हणजे भारावर साधारण २.४ किलोवॅट, २० तासांचे ४८ युनिट. पंप: साडेसात एचपीची मोटर पूर्ण भारावर साडेसहा किलोवॅटच्या आसपास ओढते, साडेचार तासांचे २९. दिवे: १४० × २० वॅट × १२ तास, म्हणजे ३४. हे सगळं धरून लिफ्टना ४० आणि किरकोळ कामांना १७ उरतात. हिशेब जुळतोय, म्हणजे चोरी किंवा मीटरचा दोष शोधत बसायची गरज नाही. सगळ्यात मोठा खादाड ब्लोअर आहे, आणि सभेत त्याचं नाव कुणी काढत नाही.

मी पंपांपुरतं लिहितो, ब्लोअरवर जाणकार लिहितीलच.

पाणी उचलायला किती वीज लागावी याचा हिशेब सोपा आहे. १,००० लिटर पाणी १ मीटर वर न्यायला ०.००२७ युनिट. तुमच्याकडे खालच्या टाकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत, पाइपमधलं घर्षण धरून, ४७ मीटर धरू. म्हणजे हजार लिटरला ०.१३ युनिट. पंप आणि मोटर मिळून ४५ टक्के कार्यक्षमता मिळाली तर ०.२८ ते ०.३०. या आकाराच्या मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच दांड्यावर) पंपाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे. तुमचे आकडे धरले (२९ युनिट, आणि ३०० माणसांना माझ्या अंदाजाने ६०,००० लिटर) तर हजार लिटरला ०.४८ येतात. कुठेतरी गळतंय, अडतंय किंवा झिजलंय.

मोजणी अशी करा, प्रत्येक पंपाची वेगळी:

१. गच्चीवरच्या टाकीचे खाली जाणारे सगळे वॉल्व्ह बंद. पंप १० मिनिटं चालवा, पातळी किती सेंटिमीटर चढली ते मोजा. टाकी ५ × ३ मीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे १५० लिटर.
२. त्याच वेळी क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या. तिन्हींत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि केबलचे जोड आधी बघा.
३. पंपाच्या डिलिव्हरीवर, एनआरव्हीच्या (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आधी, ० ते १० बारचा प्रेशर गेज. टॅपिंग नसेल तर प्लंबरकडून करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रवाह कमी, प्रेशर जास्त आणि करंटही कमी असेल तर पुढे अडथळा आहे: अर्धवट उघडणारा एनआरव्ही, अर्धा बंद गेट व्हॉल्व्ह, गंजलेला जीआय पाइप. प्रवाह कमी, प्रेशर बेताचं पण करंट भरपूर असेल तर पंप आतून झिजलाय, म्हणजे इंपेलर (पाणी फेकणारं चाक) आणि वेअर रिंग (त्याभोवतीची कडी). गेजचा काटा थरथरत असेल आणि पंपातून खडे हलल्यासारखा आवाज येत असेल तर सक्शनला हवा शिरतेय किंवा फूट व्हॉल्व्हची (सक्शन पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) जाळी तुंबलीय.

मोजल्याशिवाय नवीन पंप घेऊ नका. ठेकेदार हमखास एक आकार वरचा देतो. जुनी ५० मिलिमीटरची लाइन तशीच ठेवून मोठा पंप लावला तर पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या वर जातो आणि वाढीव वीज घर्षणात जिरते. वेग २ मीटरच्या आत ठेवायचा.

---

शून्य_बिल

कॉमनचे चार मीटर करून घ्या. प्रत्येकाला खालचा स्लॅब मिळतो. सोपा उपाय.

---

आकडेमोड

@शून्य_बिल, हे करू नका. एकाच आवारात, एकाच कामासाठी केवळ स्लॅब फोडायला जादा जोडणी मिळत नाही. आधीची असेल तर तपासणीत एकत्र करायला सांगतात. शिवाय फायदा प्रत्येक मीटरच्या पहिल्या ५०० युनिटांपुरता, आणि प्रत्येक जोडणीचा स्थिर आकार वेगळा.

बिलात बघण्यासारख्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. पहिली, दरवर्ग. निवासी सोसायटीचे पाण्याचे पंप, लिफ्ट, पार्किंगचे दिवे, फायर पंप हे लघुदाब घरगुती वर्गात येतात. बिल्डरच्या काळातली जोडणी अजून बांधकामाच्या किंवा व्यापारी वर्गात अडकलेली असू शकते, तेवढं तपासा. दुसरी, मंजूर भार. थ्री फेज घरगुती जोडणीला १० किलोवॅटच्या वरच्या दर १० किलोवॅटला जादा स्थिर आकार लागतो. बिल्डरने घेतलेला भार गरजेपेक्षा जास्त असेल तर कमी करून घेता येतो, पण सोलरचं ठरेपर्यंत थांबा, कारण सोलरची क्षमता मंजूर भाराशी बांधलेली असते. तिसरी, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा). तो सुधारणारं कपॅसिटर पॅनल विकायला लोक येतील. दंडाची किंवा सवलतीची ओळ बिलात छापलेली नसेल तर त्या पॅनलने बिल कमी होणार नाही.

टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला घरगुती ग्राहकांनाही सवलत आहे. पंपाचा टायमर त्या वेळेत आणायला एक पैसा लागत नाही. अट एवढीच की रात्रीपासून सकाळच्या गर्दीपर्यंत पुरेल इतकं पाणी वरच्या टाकीत मावलं पाहिजे.

---

गाळ_आणि_हवा

ब्लोअरबद्दल.

आधी डायल गेज बघा. ३.५ मीटर खोल एरेशन टाकीला ०.३५ बार पाण्याचेच, लाइन आणि डिफ्यूझरचं (टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे) धरून ०.४० च्या आसपास. गेज ०.५० दाखवत असेल तर डिफ्यूझर चोंदलेत आणि ब्लोअर हवा ढकलण्यातच दमतोय. ते काढून साफ करायचे किंवा मेंब्रेन बदलायचं. वर उचलता येणाऱ्या लाइनी नसतील तर टाकी रिकामी करावी लागेल, आणि इथे स्पष्ट सांगतो: एसटीपीच्या टाकीत कुणालाही तसंच उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइडने माणूस काही श्वासांत कोसळतो. वायुमापक, सक्तीची हवा, दोर-हार्नेस आणि वर उभा माणूस असलेल्या एजन्सीलाच काम द्या.

नंतर विरघळलेल्या ऑक्सिजनचं मोजमाप. हातात धरायचा डीओ मीटर एजन्सीकडे असतो. सकाळी ९, दुपारी ३ आणि रात्री २ वाजता मोजा. १.५ ते २ मिलिग्रॅम प्रतिलिटर पुरतो. रात्री ४–५ येत असेल तर तेवढी हवा फुकट चाललीय.

आता व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. विक्रेता सांगेल की वेग २० टक्के कमी केला की वीज निम्मी होते. ते सेंट्रिफ्यूगल पंखा-पंपाला लागू. तुमचा ब्लोअर बहुधा ट्विन लोब आहे, दोन फिरत्या पाळ्यांनी हवा ढकलणारा. त्यात वेग आणि वीज जवळपास सारख्याच प्रमाणात उतरतात. ३५ हर्ट्झवर ७० टक्के हवा, ७० टक्क्यांच्या आसपास वीज. तरीही रोजच्या ४८ युनिटांचे ३४ होतात, वाईट नाही. ३० हर्ट्झच्या खाली नेऊ नका, मोटरचा पंखा मंदावतो आणि लोब तापतात. पूर्ण बंद-चालू करण्यापेक्षा हे बरं: तीन-चार तास सलग हवा बंद राहिली की जिवाणू मरगळतात, आणि मग जो वास येतो त्यामुळेच फ्लशची लाइन बंद करायची पाळी येते.

त्या लाइनीकडे खरं लक्ष द्या. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात त्यातले ४५ फ्लशचे. ३०० माणसांचे १३,५०० लिटर, म्हणजे टँकर आणि वर थोडं. तुमच्याकडे पाइप टाकलेले आहेत, अडलंय फक्त पाण्याच्या दर्जावर. वाळूचा फिल्टर रोज बॅकवॉश होतो का, कार्बन फिल्टरमधला कोळसा शेवटचा कधी बदलला (वर्षाहून जुना असेल तर तो आता नुसता खडी आहे), आणि क्लोरीनसाठीचा हायपोक्लोराइटचा डोसिंग पंप चालतो की नुसता भिंतीला लटकलाय, या तीन गोष्टी बघा. फ्लशच्या टाकीत शिल्लक क्लोरीन ०.५ ते १ मिलिग्रॅम ठेवा. ते पाणी टाकीत दोन-दोन दिवस साठवू नका.

एक धोका: एसटीपी बंद पडला की प्लंबर पिण्याच्या पाण्याची लाइन थेट फ्लशच्या लाइनीला जोडून देतो, मध्ये एक वॉल्व्ह. हे कधीही चालू देऊ नका. पिण्याचं पाणी फ्लशच्या टाकीत वरून, हवेच्या अंतराने पडलं पाहिजे. पाइपला पाइप जोडायचा नाही.

---

छतावर_ऊन

४५ किलोवॅट तुमच्यासाठी जास्त आहे.

पुण्यात १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट देतो, जुलै-ऑगस्टमध्ये बराच कमी. ४५ किलोवॅटचे १८० झाले. तुम्ही आजच १६८ वापरता. ब्लोअर ३४ वर, पंप १७ वर आणि दिवे निम्म्यावर आले तर गरज १२० च्या आसपास उतरेल. मग ३० किलोवॅट पुरतो. नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण ३१ मार्चला जे उरतं त्याला तुम्ही भरता तो दर मिळत नाही, बराच कमी मिळतो. त्यामुळे जादा १५ किलोवॅटचं भांडवल अडकून पडेल. आणि बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच.

पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ३० किलोवॅटला ५ लाख ४० हजार. योजना २०२६-२७ पर्यंतची. अट अशी की सेल आणि पॅनल दोन्ही देशी बनावटीचे हवेत आणि ठेकेदार नोंदणीकृत हवा. कोटेशनमध्ये 'देशी पॅनल' एवढंच लिहिलं असेल तर पुरत नाही. पॅनल इथे जोडलेला आणि सेल आयात, असा माल अनुदानात बसत नाही.

जागा किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर, सावलीविना. लिफ्ट मशिन रूम आणि टाक्यांची सावली डिसेंबरात दुपारी ३ वाजता कुठवर येते ते बघून मगच आराखडा. गच्चीला भोकं पाडू देऊ नका, वॉटरप्रूफिंगची हमी तिथेच संपते. काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर स्ट्रक्चर, आणि अकराव्या मजल्यावरच्या वाऱ्याचा हिशेब केलेलं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. अर्थिंग डीसी, एसी आणि तडितरक्षक यांचं वेगवेगळं.

कोटेशनमध्ये हमखास सुटते ती गोष्ट जनरेटर. वीज गेली की सोलर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, ते बरोबरच. पण जनरेटर सुरू झाला की त्यालाच ग्रिड समजून इन्व्हर्टर परत जागा होतो, आणि भार कमी असेल तर वीज उलटी जनरेटरमध्ये घुसते. अल्टरनेटर जळतो. एक तर सोलरचा जोड चेंजओव्हरच्या (महावितरण की जनरेटर हे बदलणारा स्विच) महावितरण बाजूला घ्या, नाही तर जनरेटर चालू असताना सोलर तोडणारा इंटरलॉक कॉन्टॅक्टर. कोटेशनमध्ये ही ओळ लिहून घ्या.

---

नळजोड

पाण्याचं.

फ्लॅटमागे चार लाइनी म्हणजे ३५२ मीटर. करता येतं, पण ती शेवटची पायरी. टँकरच्या पाण्यात वाळू असते, मल्टिजेट मीटरची जाळी तुंबते. बोअरचं कठीण पाणी असेल तर आत क्षार बसून मीटर मंद पडतो. टाकी रिकामी होऊन लाइनीत हवा भरली की पाणी नसताना काटे फिरतात आणि मग तक्रारी. अल्ट्रासॉनिक मीटरला हे त्रास कमी, किंमत जास्त. शिवाय आदर्श उपविधींत पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटतात. मीटरप्रमाणे आकारायची तर उपविधी बघून सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल.

आज एवढंच करा: महापालिकेची लाइन, टँकरची लाइन, बोअर आणि दोन्ही विंगचे चढते पाइप, असे पाच मोठे मीटर. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट सरळ लांबी सोडा. एल्बोला चिकटून मीटर लावला की तो खोटं बोलतो.

टँकर मोजायला मीटरही नको. खालच्या टाकीच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवा. टाकी ६ × ५ मीटर असेल तर १०,००० लिटरला ३३ सेंटिमीटर चढायला हवेत. महापालिकेचा वॉल्व्ह आणि पंप बंद ठेवून मोजा. २८ चढले तर दीड हजार लिटर कमी आलेत, आणि पैसे पूर्ण गेलेत.

रात्रीची चाचणी: १ ते ५ पंप बंद, वरच्या टाक्यांची पातळी आधी आणि नंतर. विंगमागे तासाला १०० लिटरपर्यंत वापर समजण्यासारखा आहे. त्यापुढे गळती.

खालच्या मजल्यांचं प्रेशर बघितलंय का? पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर साडेतीन बार येत असेल. नळाचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे प्रेशर निम्मं केलं की प्रवाह ३० टक्के उतरतो. शाफ्टमध्ये खालच्या पाच मजल्यांना पीआरव्ही (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह), त्याआधी वाय स्ट्रेनर (गाळणी), सेटिंग १.५ ते २ बार. गॅस गीझरवाल्यांना आधी विचारा. काही गीझर कमी प्रेशरला पेटतच नाहीत.

पुणे महापालिकेत गांडूळखत, सोलर, पर्जन्यजल संकलन यांपैकी एक चालू असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत आहे. यंत्रणा चालू हवी, तपासणी होते. १,००० चौरस मीटर गच्चीवर पुण्याच्या ७०० मिलिमीटर पावसाचे, २० टक्के वजा जाता, साडेपाच लाख लिटर होतात. हे सगळं पाणी चार महिन्यांत येतं आणि साठवायला जागा नसते, म्हणून बोअर पुनर्भरण. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, फिल्टरची वाळू मे महिन्यातच धुऊन घ्या.

---

कमिटी_८८

सर्वांचे आभार. रीडिंग घेतलं. वरच्या दोन्ही टाक्या ५ × ३ मीटरच निघाल्या.

ए विंग: १० मिनिटांत १४ सेंटिमीटर, गेज ६ बार, करंट ८.१ अँपिअर.
बी विंग: १० मिनिटांत १५ सेंटिमीटर, गेज ४.४ बार, करंट १०.४.
रात्री १ ते ५: ए मध्ये २ सेंटिमीटर उतरली, बी मध्ये ९.

---

पंपतंत्र

छान, दोन विंग, दोन वेगळे रोग.

ए: मिनिटाला २१० लिटर. तुमच्या उंचीला ४.४ बार पुरे, तिथे ६ आहेत. पंप ठीक आहे, पुढे अडतंय. आधी गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का बघा (हँडल फिरतं आणि आतलं पान तुटून खाली बसलेलं असतं, हे फार दिसतं), मग एनआरव्ही उघडा. फ्लॅप अर्धवट अडकलेला निघेल असं वाटतं. खर्च एका व्हॉल्व्हचा.

बी: मिनिटाला २२५ लिटर, प्रेशर बरोबर, करंट जास्त. पंप आतून झिजलाय. पाणी आतल्या आतच फिरतंय. वेअर रिंग आणि इंपेलर बदलून बघा. पंप दहा वर्षांहून जुना असेल तर दुरुस्ती न करता बदला, पण कामाचा बिंदू लिहून द्या: मिनिटाला ३०० लिटर, एकूण ४८ मीटर, मोटर आयई३ (जास्त कार्यक्षमतेचा वर्ग). कोटेशनसोबत कार्यक्षमतेचा वक्र मागा. तो देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

वीज: ए हजार लिटरला ०.३८ युनिट, बी ०.४८. दोन्ही ०.३० च्या आत आले की महिन्याला सुमारे २४० युनिट, तुमच्या दराने ४,३०० रुपये वाचतात.

---

नळजोड

बी विंगमध्ये ९ सेंटिमीटर म्हणजे चार तासांत १,३५० लिटर. असंच चोवीस तास गळत असेल तर रोजचे ८,००० लिटर, म्हणजे जवळजवळ तुमचा नेहमीचा टँकर.

शोधायचं असं: रात्री १ नंतर गच्चीवरच्या सगळ्या शाफ्टचे वॉल्व्ह बंद करा आणि अर्धा तास पातळी बघा. तरीही उतरली तर टाकीच गळतेय किंवा ओव्हरफ्लोचा पाइप खाली कुठेतरी जोडलाय. थांबली तर एकेक शाफ्ट उघडा, प्रत्येकाला अर्धा तास. दोषी शाफ्ट सापडला की त्यावरच्या ११ फ्लॅटमध्येच जायचं आहे, सगळ्या विंगमध्ये नाही. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, १५ मिनिटं कुणी फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला की फ्लॅपचं रबर गेलंय. भिंतीत लपलेल्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह अडकून पाणी आतल्या ओव्हरफ्लोने जातं, आवाजही येत नाही, म्हणून रहिवासी 'आमच्याकडे काही गळत नाही' म्हणाले तरी रंग टाकूनच बघा. आणि शाफ्टचे वॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवले नसतील तर जोर लावू नका. दांडा तुटला तर रात्री २ वाजता सगळ्या विंगचं पाणी बंद करावं लागेल. आदल्या दिवशी प्लंबरकडून सैल करून घ्या आणि दोन बॉल व्हॉल्व्ह हाताशी ठेवा.